तुम्ही विचारलंत म्हणून: वेग बेताचा, तरी जेरी राईस सर्वश्रेष्ठ कसा?

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेले बरेच जण विचारतात: जेरी राईस काही सर्वात वेगवान नव्हता, मग आजवरचा सर्वश्रेष्ठ रिसीव्हर, म्हणजे पुढे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, तोच कसा? आकड्यांपुरतं बोलायचं तर वाद संपलेला आहे. चेंडू झेलून त्याने कमावलेले यार्ड 22,895, म्हणजे जवळजवळ 21 किलोमीटर. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड 17,492 वर थांबला.

खरं उत्तर त्याच्या पावलांत आहे. त्याची हुकमी धाव म्हणजे स्लँट, चेंडू झेलण्यासाठी आधीच ठरवलेली तिरकी धाव. सरळ तीन पावलं टाकायची, बाहेरचा पाय रोवायचा आणि मैदानाच्या मध्याकडे तिरकं घुसायचं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकही तेवढ्यात तीन पावलं मागे सरकतो आणि रिसीव्हर वळत असतानाच चेंडू सोडतो. त्यामुळे एक पाऊल जास्त पडलं की चेंडू चुकतो, कधी थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. सामान्य रिसीव्हर वळण्याआधी वेग कमी करतो, त्याचे खांदे उंचावतात, आणि त्याला अडवणाऱ्या बचावपटूला, कॉर्नरबॅकला, तेवढी खूण पुरते. राईस पूर्ण वेगात वळायचा. लांब धाव असो वा आखूड, पहिली पावलं हुबेहूब सारखीच. शिवाय चेंडू हातात येताना तो आधीच धावत असायचा, म्हणून झेल पाच यार्डांवर घेतला तरी कमाई पन्नासची होऊ शकायची.

हे सगळं आयतं मिळालं नव्हतं. मिसिसिपीतल्या क्रॉफर्डचा हा गवंड्याचा मुलगा. भावांनी वर फेकलेल्या विटा झेलायचा. मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या लहान विद्यापीठातून 1985 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, तो सोळावा निवडला गेला, प्रशिक्षक बिल वॉल्शच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाकडे. पहिल्या हंगामात त्याच्या हातून चेंडू इतके सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चेंडू निसटतो तो बहुधा एकाच कारणाने: झेल पक्का होण्याआधीच नजर पुढच्या धावेकडे वळते. तरी त्याच हंगामात, डिसेंबरात, रॅम्स संघाविरुद्ध त्याने 10 झेलांत 241 यार्ड काढले. हंगाम नसलेल्या महिन्यांत तो सॅन कार्लोसजवळची अडीच मैलांची टेकडी पळत चढायचा. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये इतरांचे पाय जड होत तेव्हा त्याचे होत नसत. माझ्या मते दीर्घ कारकिर्दीचं मूळ तिथेच आहे. 1997 मध्ये गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. तो त्याच डिसेंबरात परतला आणि त्याच सामन्यात टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलपट्ट्यात नेऊन गुण मिळवणं) करताना गुडघ्याची वाटी तडकली. घाई झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी 2002 मध्ये, चाळिशीत, ओकलंड रेडर्सकडून त्याने 92 झेल आणि 1,211 यार्ड केले.

एकच सामना पाहणार असाल तर जानेवारी 1989 चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, पाहा, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धचा. राईसचे 11 झेल, 215 यार्ड, सामनावीराचा मान. शेवटच्या 92 यार्डांच्या चढाईतले 51 यार्ड त्याचेच. विजयी टचडाऊन मात्र जॉन टेलरचा, कारण त्या क्षणी बेंगल्सचं लक्ष राईसवर होतं.