केडलस्टन हॉल बघायला जाताना

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातला केडलस्टन हॉल, कर्झन घराण्याचा जुना वाडा, बघायचं माझ्या मनात बरीच वर्षं होतं, ते कोलकात्यामुळे. तिथलं राजभवन (आता लोकभवन), म्हणजे पूर्वीचं गव्हर्न्मेंट हाउस, 1803 मध्ये बांधून झालं ते याच घराचा नमुना समोर ठेवून. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1902 साली अंदाजपत्रकावरचं आपलं पहिलं भाषण केलं, मिठावरच्या कराचा हिशेब मांडला, तो त्या कोलकात्याच्या वास्तूत. अध्यक्षस्थानी होता व्हाइसरॉय कर्झन. आणि कर्झनचा जन्म 1859 मध्ये झाला तो मूळ घरात, केडलस्टनला.

यंदा आई साताऱ्याहून आमच्याकडे लेस्टरला आली, तेव्हा जायचं ठरवलंच.

घर आता नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आहे. इथे एक गोष्ट नीट बघून घ्यावी लागते. बाग आणि आवार जितके दिवस उघडं असतं, तितके दिवस घर नसतं, आणि घराच्या वेळाही वेगळ्या. त्यामुळे निघण्याआधी त्या दिवसाची वेळ संकेतस्थळावर पाहावी. वर्षातून तीन-चार अशी ठिकाणं बघणार असाल तर सभासदत्व घेतलेलं परवडतं. लेस्टरहून डर्बीपर्यंत थेट रेल्वे आहे. पुढचे सात-आठ किलोमीटर मात्र बसच्या भरवशावर राहू नये. आम्ही स्टेशनवरून टॅक्सी केली आणि परतीची वेळ त्याच ड्रायव्हरशी बोलून ठेवली. सोबत वयस्कर माणूस असेल तर हे कराच.

फाटकातून आत शिरल्यावर घर लगेच दिसत नाही. रस्ता वळतो, तळं लागतं, त्यावर वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमने बांधलेला तीन कमानींचा दगडी पूल, आणि मग चढावर ते घर. हा देखावा आपोआप झालेला नाही. 1759 च्या सुमारास नवं घर उभं राहू लागलं तेव्हा इथे एक गाव होतं. ते उठवून दूर वसवलं, रस्ताही हलवला. जुन्या वस्तीतलं फक्त चर्च जागेवर राहिलं, अगदी घराला खेटून. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे कोयनेसारखंच की. गाव उठलं, देऊळ राहिलं.” कोयनेचं कारण निराळं होतं, पण उठणाऱ्याला काय वाटलं असेल ते तिला बरोबर कळलं होतं.

वरच्या मजल्यावरचा मार्बल हॉल थक्क करतो. नॉटिंगहॅमशरच्या अलाबास्टर दगडाचे वीस खांब, प्रत्येक सुमारे 25 फूट उंच, गुलाबी-तपकिरी शिरा असलेले. त्याच्यामागे गोल घुमटाचं दालन, रोममधल्या पॅन्थिऑन या प्राचीन मंदिरावरून सुचलेलं. घराला मुळात चार पंख जोडायचे होते, प्रत्यक्षात दोनच झाले. कोलकात्याला मात्र चारही आहेत. बाकीच्या खोल्या, चित्रं, निळ्या रेशमाच्या भिंती मी भरभर पाहिल्या. कारण मला खाली जायचं होतं.

खाली कर्झनने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, भेटी, खरेद्या. आणि काचेमागे त्याच्या बायकोचा, मेरी कर्झनचा, मोराचा पोशाख. 1903 च्या दिल्ली दरबारातल्या नृत्यसमारंभासाठी केलेला. कापडावरचं भरतकाम हिंदुस्थानी कारागिरांचं, कपडा शिवला पॅरिसच्या वर्थ या फॅशनगृहाने. मोरपिसावर मोरपीस चढवलेलं, आणि प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचं हिरवं कवच. जरीची तार शंभरावर वर्षांनी काळवंडली आहे. कवचं मात्र आजही तशीच चमकतात.

आई आयुष्यभर शिवणकाम करत आली. ती काचेपाशी वाकून एकेक पीस बघत राहिली. कलाबतू कशी वळवून टाचली आहे, पिसाची दिशा वळते तिथे टाका कसा आखूड होतो, हे तिने मला बोटाने दाखवलं. मी एकटी आले असते तर हे मला दिसलं नसतं. दालनात बसलेल्या स्वयंसेवक बाईंना तिने माझ्याकरवी विचारलं, एवढ्या कामाला किती हात लागले असतील? त्या उठून आल्या, आणि मग दोघीच बराच वेळ बोटांनी, खुणांनी बोलत होत्या. अशा घरांमधले स्वयंसेवक मनापासून सांगतात. त्यांना विचारायला लाजू नका. खोलीतला उजेड मंद असतो, कापड टिकावं म्हणून. डोळे सरावेपर्यंत थांबा.

चर्चमध्ये मेरी आणि कर्झनच्या पांढऱ्या संगमरवरी मूर्ती शेजारी शेजारी निजवलेल्या आहेत. ती 1906 मध्ये गेली, अवघ्या 36 व्या वर्षी. त्याच्या आदल्याच वर्षी, बनारसच्या काँग्रेसमध्ये, गोखल्यांनी अध्यक्षपदावरून कर्झनच्या राजवटीची तुलना औरंगजेबाशी केली होती. बंगालची फाळणी ताजी होती. मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाने इतकं कठोर बोलावं, यातच सगळं आलं. त्या मूर्तींपाशी मला बायकोच्या जाण्याने खचलेला माणूस दिसला, आणि फाळणी करणारा व्हाइसरॉयही विसरता आला नाही. दोन्ही खरं आहे.

हातात तीन-चार तासच असतील तर घर उघडल्या उघडल्या संग्रहालय गाठा, गर्दी वाढण्याआधी. मग वरचे दिवाणखाने, मग चर्च. तळ्याकाठची चाल शेवटी ठेवा, आवार घरापेक्षा उशिरा बंद होतं. आणि घरात कोणी शिवणारं, विणणारं, भरणारं असेल तर त्यांना बरोबर घेऊन जा.