रात्री अडीचला लावलेला फोन

अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. आधी ३ केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा ३ केमो, दर २१ दिवसांनी. उपचारांचं सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं.

आमच्या इंदिरानगरच्या घरी माणसांची रीघ लागली. "पॉझिटिव्ह राहा", "तू खंबीर आहेस". थोरल्या जाऊबाईंनी काळारामाला नवस बोलला. माया सगळ्यांचीच खरी होती. पण "मला मरायची भीती वाटते" एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं, आणि ते कुणी पुरं होऊ देत नव्हतं. मी तोंड उघडलं की हे उठून गॅलरीत जायचे. लेकीचं बाळ चार महिन्यांचं, तिला काय सांगणार?

पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी केस मुठीत आले. त्या रात्री अडीच वाजता बाथरूममध्ये बसून मी १४४१६ लावला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा हा नंबर मीच दहावीच्या मुलांसाठी वर्गातल्या फळ्यावर लिहिला होता. २०२२पासून सुरू आहे, सरकारी आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठी निवडता येते. पलीकडच्या मुलीनं मला रडू दिलं. जीव द्यावासा वाटतो का, हेही तिनं न बिचकता विचारलं. नाही म्हणाले. तरी कुणीतरी हे विचारलं, याचंच बरं वाटलं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या हॉस्पिटलमध्ये समुपदेशक आहेत का, विचारा ना."

होत्या. केमो वॉर्डाच्या खालच्याच मजल्यावर. इतके दिवस मला कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे. निदान झालं त्याच दिवशी हे पेशंटला सांगायला हवं.

त्यांनी थर्मामीटरसारखी शून्य ते दहाची पट्टी पुढे केली. मनावरचा ताण किती? चार किंवा त्याहून जास्त असेल तर नीट लक्ष द्यावं लागतं. मी आठवर खूण केली. मग आठ कशामुळे, ते एकेक विचारत गेल्या. झोप, पैसे, उलट्या, लेक. मला वाटत होतं, सगळी भीती मरणाचीच आहे. तशी ती नव्हती. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी थोडे दिवस गोळी दिली.

तिसऱ्या भेटीला यांना घेऊन गेले. माझ्याआधी हेच रडले. म्हणाले, "तू बोललीस की ते खरं होईल असं वाटायचं मला."

केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीत दिंडोरीच्या एक बाई असायच्या, द्राक्षबागवाल्या. तोंड आलं तेव्हा मीठ-सोड्याच्या गुळण्या करायला लावल्या त्यांनीच. स्वतःच्या सलाइनपेक्षा ऑक्टोबर छाटणीला मजूर मिळतील का, याचा घोर त्यांना जास्त. एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, मला बी रात्रीची झोप नाय लागत." तेव्हापासून केमोच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एकमेकींना फोन करतो. धीर देत नाही, नुसतं बोलतो.

परवा सीए-१२५चा, म्हणजे या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट यायचा होता. आदल्या रात्री यांनी विचारलं, "भीती वाटतेय?" मी हो म्हणाले. हे गॅलरीत गेले नाहीत.