आजोबांची पेटी आणि 'टुमॉरो'

या डिसेंबरात तीन आठवडे नाशकात होतो, गंगापूर रोडला, आईबाबांकडे. एरवी मी इथे न्यू जर्सीतलं लिहिते, बर्फ, शाळा, किराणा वगैरे, पण यावेळी तिकडची एक गोष्ट आमच्यासोबत नाशकात आली आणि ती मला तिथेच नीट कळली, म्हणून आज तीच.

झालं असं की गेल्या वर्षी लेकीच्या शाळेत 'ॲनी' बसवलं होतं. तिकडे शाळेत म्युझिकल बसवायचं म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या दहापट मोठं प्रकरण, तीन-तीन महिने तालमी चालतात, आईबाप सेट रंगवतात, कपडे शिवतात, आणि 'ॲनी' शाळांचं फार लाडकं कारण त्यात ढीगभर मुलींना काम मिळतं. लेक अनाथाश्रमातल्या मुलींपैकी एक होती. वाक्य एकच, पण 'हार्ड नॉक लाइफ' गाण्यात बादली तालात जमिनीवर आपटायची होती, ती बादली आमच्या किचनमध्ये तीन महिने आपटली गेली. गाणी घरात सगळ्यांना पाठ झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ म्युझिकल न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १९७७ साली आलं, संगीत चार्ल्स स्ट्राउस यांचं, गाणी मार्टिन चार्निन यांची. गोष्ट १९३३ सालची, अमेरिकेत महामंदी, दर चार कामगारांमागे एक बेकार, लोक पुलाखाली झोपड्या टाकून राहतायत. अनाथाश्रमातली ॲनी आईवडील कधीतरी न्यायला येतील म्हणून वाट बघत असते, आणि एक कोट्याधीश तिला ख्रिसमसपुरतं घरी आणतो. 'टुमॉरो' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, उद्या ऊन पडेल, एवढंच म्हणणारं. ते ती आधी रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याला म्हणून दाखवते आणि पुढे थेट राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट आणि त्यांच्या मंत्र्यांसमोर. सगळे हात टेकून बसलेत, देश बुडालाय, आणि ही पोर उभी राहून गाते. लेकीच्या शाळेत हा सीन चालू असताना माझ्या शेजारच्या आजीबाई डोळे पुसत होत्या, मी पण.

तर नाशकात एका संध्याकाळी भाची म्हणाली ताईचं नाटक आम्हाला पण बघायचंय, मग पिक्चर लावू असं ठरलं. दादाने शोधून २०१४ चा लावला, म्हणाला नवा आहे, पोरांना आवडेल. मी तो पाहिला नव्हता. सगळे जमले, आईने शेंगा उकडल्या होत्या, बाबा शाल गुंडाळून त्यांच्या खुर्चीत.

सुरुवात चांगली आहे खरं तर. ॲनी वर्गात रुझवेल्टवर प्रोजेक्ट सादर करते, सगळ्या वर्गाला बाकं वाजवायला लावते, ते बघून मी सावरून बसले की अरे वा, मुळाची आठवण ठेवलीय. पण तेवढंच. त्यानंतर गोष्ट आजच्या न्यूयॉर्कमध्ये, ॲनी हार्लेममधल्या फॉस्टर होममध्ये, म्हणजे अनाथ पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या घरी, आणि श्रीमंत माणूस मोबाइल कंपनीचा मालक, तो महापौरपदाला उभा आहे, ॲनीला गाडीखाली येता येता वाचवतो, तो व्हिडिओ व्हायरल होतो आणि मतं वाढावीत म्हणून तो तिला घरी आणतो. सगळं चकचकीत. ॲनी काळी आहे हे मला उलट फार बरं वाटलं, आणि क्वेनझाने वॉलिस ही गुणी मुलगी आहे, नवव्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालेली. तिची काहीच चूक नाही. चूक तिच्या गळ्याचं जे केलं त्यांची.

'टुमॉरो' आलं. ती शहरातून चालत चालत गाते. माझं लक्ष बाबांकडे, कारण त्यांना इंग्रजी गाणं कळो न कळो सूर बरोबर कळतो, सत्तरी उलटली तरी रोज पेटी काढून बसतात. ते पुढे वाकून ऐकत होते. गाणं संपलं आणि म्हणाले, "या पोरीचा आवाज कुठे गेला गं?"

मी सांगितलं की बाबा ते ऑटोट्यून असतं, सूर जरा हलला की सॉफ्टवेअर त्याला उचलून बरोबर जागेवर बसवतं. ते म्हणाले, "मग बरोबर. पेटीवर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सरकत जाणं, निघत नाही ना, एका पट्टीवरून उचललं की दुसऱ्या पट्टीवर, तसं झालंय तिच्या गळ्याचं. माणसाचा गळा सुराकडे चालत जातो. ते चालणंच काढून टाकलंय यांनी."

मला जे दीड तास खटकत होतं आणि शब्दात पकडता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने १९८२ चा लावला. तोही काही थोर पिक्चर नाहीये, लांबलाय, ब्रॉडवेची काही चांगली गाणी त्यात गाळलीत. पण त्यातली एलीन क्विन व्हाइट हाउसमध्ये व्हीलचेअरवरच्या रुझवेल्टसमोर जीव तोडून गाते, आणि आई, जिला इंग्रजी जेमतेम कळतं, ती हातातलं निवडणं थांबवून बघत राहिली. लहान पोरीचा आवाज आहे तो, वर जाताना थोडा चिरकतो, ताणतो. चिरकू दे ना! ज्या पोरीला उद्याचं जेवण माहीत नाही ती उद्या ऊन पडेल म्हणतेय, ते गुळगुळीत येईलच कसं? नव्यात तीच मंदी काढून टाकली, पुलाखालची माणसं काढली, आणि गाणं तेवढं ठेवलं.

दादाचं म्हणणं पडलं की तुम्हाला नवं काही चालतच नाही. यावर बाबा चिडले, आणि ते चिडले की छान बोलतात. बाबा नाशिकच्या एचपीटी कॉलेजचे, नाटककार वसंत कानेटकर तिथे शिकवायचे, आमच्या घरात त्यांना आजही कानेटकर सरच म्हणतात. बाबा म्हणाले, "सरांचं 'मत्स्यगंधा' १९६४ साली आलं तेव्हा अभिषेकीबुवांनी केवढा बदल केला! जुन्या संगीत नाटकात एकेक पद लांबायचं, वन्समोअरवर वन्समोअर, गोष्ट तिथेच खोळंबायची. बुवांनी पदं आटोपशीर केली, चाली नव्या, पण सत्यवती गाते तेव्हा सत्यवतीच गातेय असं वाटतं. नवं करणं म्हणजे ते." मग त्यांनी 'कट्यार काळजात घुसली'चं काढलं, १९६७ चं नाटक आणि २०१५ चा पिक्चर, त्यात तर नवीन संगीतकारांची नवी गाणी घातली आणि तरी बाबा थिएटरला दोनदा जाऊन आले होते. दादा गप्प झाला, कारण दुसऱ्यांदा तोच घेऊन गेला होता.

मला वाईट याचं वाटतं की तो २०१४ चा पिक्चर आजच्या पोरांना आधी सापडतो. माझ्या भाचीने आधी तोच पाहिला आणि तिला वाटलं 'टुमॉरो' म्हणजे मागे ठेका असलेलं एक बरं गाणं. नाटक करताना माझी लेक त्या गाण्याला विंगेत उभी राहून रोज ऐकायची, तिचं काम नसतानाही, आणि घरी येऊन म्हणायची की आई आज अमकीचा वरचा सूर लागला, आज नाही लागला. ते लागणं-न लागणं हेच तर ऐकायचं असतं ना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी पेटी गच्चीवर आणायला लावली. मरणाची थंडी, सगळे स्वेटर-कानटोपीत. लेकीला म्हणाले, तू म्हण, मी शोधतो. दोन ओळी तिने म्हटल्या आणि ते पट्ट्यांवर चाचपडत मागून आले, एका जागी चाल अनपेक्षित वळते तिथे थांबले, "थांब थांब, परत म्हण," असं चार-पाचदा. मग सापडलं. पूर्ण गाणं झालं, शेवटचा वरचा सूर लेकीचा थोडा खाली राहिला, तिने डोळे मिटून तो तसाच ओढून वर नेला, पोचली. भाची टाळ्या वाजवायच्या बेतात होती तर बाबांनी हात वर करून थांबवलं.

"काळी एक जड जातेय का गं तुला? खाली घेऊ?"

"नको आजोबा. इथेच राहू दे, परत म्हणते."