आमची वाटचाल : एईओच्या कामात उभी राहिलेली छोटी फर्म

आयातदाराला एईओचा, म्हणजे ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटरचा (कस्टम्सने विश्वासू मानलेला व्यापारी) दर्जा मिळवून देणं आणि मिळालेला दर्जा टिकवायला मदत करणं, एवढंच आमच्या फर्मचं काम. आम्ही कस्टम्समधून माल सोडवायचं, म्हणजे क्लिअरन्सचं काम करत नाही, लायसन्सची कामं घेत नाही, ड्रॉबॅकच्या (निर्यातीवर परत मिळणाऱ्या ड्युटीच्या) मागे धावत नाही. एवढ्यावर फर्म चालते का, असं सुरुवातीला बऱ्याच जणांनी विचारलं. चालते. आणि खोटा कागद लावला म्हणून आमचा एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच निगडित आहे.

एसीपी (अ‍ॅक्रेडिटेड क्लायंट्स प्रोग्रॅम, निवडक आयातदारांचा माल बहुधा न तपासता सोडायची कस्टम्सची योजना) आली २००५ साली. मी तेव्हा न्हावा शेव्याला एका कस्टम हाउस एजंटकडे नोकरीला होतो. एसीपीवाल्या बड्या कंपन्यांची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) सरळ पुढे सरकायची, आणि लहान आयातदाराचा कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) एक्झामिनेशनची वाट बघत पडायचा. इकडे माल पडून राहिल्याचं डिमरेज चढतंय, तिकडे कंटेनर अडकवल्याचं शिपिंग लाइनचं डिटेंशन चढतंय, आणि मालकाचा दर तासाला फोन. माल दोघांचाही सरळ, कागद दोघांचेही सरळ. लहान माणसाने आपण सरळ आहोत हे कुठे जाऊन दाखवायचं, याला उत्तर नव्हतं. २०११ मध्ये एईओचा पायलट झाला, पण आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं ते कस्टम्सच्या २२ जुलै २०१६ च्या ३३ नंबरच्या सर्क्युलरने. एसीपी आणि एईओ एकत्र झाले आणि आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा चढत्या पायऱ्या आल्या. आदल्या आर्थिक वर्षात आयात-निर्यातीचे २५ कागद कस्टम्सकडे फाइल केलेला, तीन वर्षं धंद्यात असलेला कोणीही अर्ज करू शकणार होता. मी ते सर्क्युलर घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचलं आणि नोकरी सोडली.

पहिलं काम दिलं चाकणच्या एका गिअरबॉक्स बनवणाऱ्या उद्योजकाने. आम्ही त्यांना काका म्हणतो. बेअरिंग आणि फोर्जिंगचे कंटेनर त्यांच्याकडे नियमित यायचे. टी-१ कागदांवर भागतो, पण काकांना पहिल्यापासून टी-२ हवा होता, कारण ड्युटी डिफर करायची, म्हणजे माल आधी सोडवून ड्युटी मागाहून भरायची सोय तिथून सुरू होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली ड्युटी १६ तारखेला आणि, मार्च सोडला तर, दुसऱ्या पंधरवड्यातली पुढच्या महिन्याच्या १ तारखेला भरायची. खेळतं भांडवल कायम ताणलेल्या कारखान्याला ही केवढी मोकळीक आहे, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

टी-२ म्हटलं की अधिकारी प्रत्यक्ष कारखान्यात येणार. म्हणून आम्ही काकांकडे फाइल उघडली नाही, आधी गेटवर उभे राहिलो. टेप, टॉर्च, लहान हातोडी आणि रजिस्टर एवढंच सामान बरोबर होतं, आणि आजही तेच असतं. कंटेनर आला की उघडण्याआधी सील बघायचं : बिल ऑफ लेडिंगवरचा (जहाज कंपनीच्या मालपावतीवरचा) नंबर आणि बोल्ट सीलवरचा नंबर एकच आहे का, हाय सिक्युरिटीचा एच कोरलेला आहे का, ओढून बघायचं, पिळून बघायचं. मग सात जागा : समोरची भिंत, डावी, उजवी, तळ, छत, दारं आतून-बाहेरून, आणि खालची चौकट. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर भरतो. टेपवर त्याहून बरंच कमी आलं तर समोरची भिंत खोटी असू शकते. हातोडीने ठोकलं की पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो, तो एकदा कानात बसला की विसरत नाही. काकांच्या स्टोअरमधल्या पोऱ्याने हे इतक्या मन लावून उचललं की व्हेरिफिकेशनच्या दिवशी अधिकाऱ्यांना कंटेनर त्यानेच दाखवला. मी मागे उभा होतो. आमच्या कामाचा मला अभिमान वाटतो तो अशा ठिकाणी.

काकांना टी-२ मिळाला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं कामं येत गेली, होत गेली.

मग आमच्याकडेच काम शिकलेल्या एका माणसाने स्वतःचं ऑफिस थाटलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, प्रत्येकाला पोट आहे. तक्रार आहे ती जाताना आमच्या फायलींच्या सॉफ्ट कॉप्या नेल्याबद्दल. सिक्युरिटी प्लॅन, ग्राहकांच्या माणसांनी काढलेले प्रोसेस मॅप (काम कुठून कुठे कसं जातं त्याचे आराखडे), साइट प्लॅनची वर्णनं, सगळं. त्यावर लेटरहेड बदलून तो "तयार फाइल" विकू लागला. आम्ही महिनोन्महिने घेतो, त्याचं काम आठवड्यात, आणि फी आमच्या निम्मी. ओळखी आहेत, असंही तो सांगायचा. आमचे ग्राहक त्याच्याकडे गेले. ज्यांचे टी-२ अर्ज आमच्या हातात अर्धे झाले होते, तेही उठून गेले. एकाने तर फोनवर सुनावलं, "तुम्ही उगाच गेटवर वेळ घालवता."

पुढे जे झालं ते मी आजही विसरलेलो नाही. त्याच्या एका ग्राहकाकडे व्हेरिफिकेशनला अधिकारी गेले. फाइलमध्ये लिहिलेलं, सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर, दोघांच्याच चावीत. कारखाना म्हणजे एकमजली शेड. ते वाक्य काकांच्या फाइलमधलं होतं, माझ्या हाताने लिहिलेलं, काकांच्या कारखान्यात जाऊन, चावी कोणाकडे असते ते विचारून लिहिलेलं. अर्ज परत आला. आणि त्या माणसाने ग्राहकाला सांगितलं काय, तर फॉरमॅट मूळ आमच्या फर्मचा, दोष तिथला. ग्राहकाने ते उद्योजकांच्या बैठकीत सांगितलं आणि तिथून ते सगळ्या औद्योगिक पट्ट्यात पसरलं. ज्यांना आम्ही कधी पाहिलंही नव्हतं, ते आम्हाला फाइल-विक्रे म्हणू लागले. नवीन काम बंद झालं. ऑफिसचं भाडं थकलं, मालकाने जागा सोडायची मुदत दिली, आणि मी जुन्या एजंटकडे नोकरीसाठी शब्दही टाकला होता.

काकांना हे कळलं ते माझ्याकडून नव्हे. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "माझी मूळ फाइल तुमच्याकडे आहे ना?" पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःची फाइल आणि ती नक्कल केलेली फाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, सर्व्हर रूमचं पान उघडलं, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी उद्या चाकणला येऊन माझा दुसरा मजला बघावा, असं सांगितलं. काही जण खरंच गेले. त्याच आठवड्यात काकांनी त्यांच्या दुसऱ्या युनिटचं काम आम्हाला दिलं आणि सगळी फी आधी जमा केली. ऑफिस वाचलं ते त्या पैशावर. फायली नेणाऱ्या त्या गृहस्थाने आजवर एका शब्दाने खुलासा केलेला नाही.

आता कोणी विचारलं नसलं तरी आयातदारांना काही सांगतो. अर्जाआधी आपल्या नावावरच्या कस्टम्सच्या शो कॉज (कारणे दाखवा) नोटिसांची यादी काढा. गेल्या तीन वर्षांत फसवणूक किंवा बनावट कागदाची नोटीस असेल तर पुढे जाऊ नका. बाकी नोटिसांतली वादातली रक्कम तीन वर्षांत भरलेली ड्युटी आणि मागितलेला ड्रॉबॅक यांच्या बेरजेच्या १० टक्क्यांवर जाते का ते बघा, कारण तिथून अधिकारी तुमचा इतिहास वेगळ्या नजरेने तपासतात. ब्रोकरला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) विचारून भागणार नाही, जुना ब्रोकर बदललेला असेल तर त्याच्या काळातल्या नोटिसा तुम्हाला माहीतही नसतात. प्रोसेस मॅप कन्सल्टंटने काढू नये, आम्हीही काढत नाही. स्टोअर, अकाउंट्स आणि गेटवरच्या माणसांना एका टेबलावर बसवून काढायला लावा. अधिकारी प्रश्न त्यांनाच विचारणार आहेत. आणि कारखान्यात एईओचं काम आपल्या ज्या माणसाकडे द्याल त्याला मालकाच्या केबिनमध्ये थेट जाता आलं पाहिजे, नाहीतर गेटचा कॅमेरा बंद पडला तरी तो दोन महिने कोटेशनच गोळा करत बसेल. लघुउद्योगांसाठी २०२० च्या सवलतीनंतर कागदांची अट २५ वरून १० वर आली आणि तीन वर्षांची दोन झाली, तरी कित्येक जण अजून "आपण लहान" म्हणून मागे राहतात. त्यांनी राहू नये.

टी-२ ची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काकांनी टी-३ साठी अर्ज केला. तोही मिळाला, आणि बँक गॅरंटीत अडकलेले त्यांचे पैसे मोकळे झाले.

तयार फाइल घेतलेले काही जण हल्ली आमच्याकडे येतात. दर्जा मिळालेला असतो, पण कारखान्यात फाइलमधलं काहीच नसतं, आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली असते. आम्ही त्यांना परत पाठवत नाही. जुनी फाइल बाजूला ठेवायला सांगतो आणि पुढचा कंटेनर कधी लागतोय ते विचारतो. त्या दिवशी टेप आणि टॉर्च घेऊन आम्ही त्यांच्या गेटवर असतो.