स्कार्फ बॅगेतच राहिला

पुण्यात मी स्कूटरवर बसते ती डोळे सोडून सगळं झाकूनच. तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे. शेजारचे काका आम्हाला डाकूच म्हणतात. तोच स्कार्फ लडाखमध्ये चार दिवस बॅगेच्या तळाशी पडून होता. का, तर थंडी होती!

जूनचा पहिला आठवडा. लेह साडेअकरा हजार फुटांवर, म्हणून पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय करत नुसते पडून राहिलो. कापराची डबी आणि आलेपाक जवळ होताच. उन्हाचा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता. ड्रायव्हरदादा तेवढे म्हणाले होते, "मॅडम, टोपी लगाओ." टोपीत फोटो चांगले येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी चांग ला खिंड ओलांडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ, मग काय, अर्धा तास तिथेच. दुपारी पँगाँग सरोवर. पाण्याचा रंग दर दहा मिनिटांनी बदलत होता, त्यामुळे तीन वाजेपर्यंत काठावरून हललो नाही. बोचरा वारा, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, वर पातळसे ढग. सनस्क्रीन लावलं होतं, पण पहाटे सहाला, वाटाण्याएवढं. नणंदेने तर तेही नाकारलं. "वहिनी, आपण काय गोऱ्या मॅडम आहोत का भाजायला?"

संध्याकाळी काठावरच्या स्पांगमिक गावात सूप पिताना ओठ चुरचुरले. चेहरा कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखा ताठ. मध्यरात्री उशीला गाल टेकवता येईना. सकाळी आरशात पाहिलं, तर गॉगलची दोन पांढरी वर्तुळं आणि बाकी सगळा टोमॅटो. नवल म्हणजे हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडाही लाल! ऊन खालून कसं लागेल?

खालूनच लागलं होतं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. शिवाय दर हजार मीटर चढलं की हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, आणि पातळ ढग त्यांना फारसे अडवत नाहीत. मुख्य म्हणजे हे किरण त्वचेला जाणवतच नाहीत. आपल्याला कळते ती उष्णता, आणि ती तर वारा पळवून नेत होता. पेशींमधल्या डीएनएला इजा होते, ती निस्तरायला शरीर तिकडे रक्त वाढवतं, म्हणून लाली आणि आग. हे सगळं काही तासांनी सुरू होतं आणि 12 ते 24 तासांत कळसाला पोचतं. म्हणजे काठावर बसले होते तेव्हा मी मजेत, हिशेब रात्री.

मराठीत या प्रकाराला नेमका शब्दही नाही. 'ऊन लागलं' म्हणजे उष्माघाताकडे जाणारी गोष्ट, 'रापलं' म्हणजे नुसता रंग काळवंडला. आणि सनबर्न म्हटलं की आमच्या पिढीला आधी गोव्याचा नाचगाण्यांचा फेस्टिव्हल आठवतो.

नणंद सुटली असं वाटलं होतं. तिच्या सावळ्या रंगावर लाली दिसली नाही इतकंच. गाल तव्यासारखे गरम, हात लावू देईना. त्वचेतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, थोडं संरक्षण देतं, अभय नाही देत.

लेहला परतल्यावर होमस्टेच्या आमा-लेंनी (लडाखीत आमा-ले म्हणजे आई) आम्हा दोघींकडे बघून आधी मनसोक्त हसून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला घट्ट रुमाल होता, भर थंडीत. मग गार पाण्यात पिळलेली फडकी आणली. मी बर्फ मागितला तर नको म्हणाल्या, आणि ते बरोबरच. भाजलेल्या कातडीला थेट बर्फ लावला तर आणखी इजा होते. जर्दाळूच्या तेलाची छोटी बाटली दिली, ती मी आग शमेपर्यंत उघडली नाही. तोवर कोरफडीचं जेल, भरपूर पाणी आणि दिवसभर खोलीत. नुब्रा खोऱ्याचा बेत अर्थातच बुडाला. नवरा एकटाच जाऊन आला आणि उंटांचे फोटो दाखवत बसला. त्याचं मी अजून विसरलेले नाही.

पुण्यात आल्यावर कपाळापासून सालं निघायला लागली. ओढायची नाहीत हे माहीत असूनही मीटिंगमध्ये हात आपोआप तिकडे जायचा. सोमवारी ऑफिसात पोचून स्कार्फ सोडला, तर नाकाचा एक अख्खा पापुद्रा त्यालाच चिकटून आला.