बोलल्यासारखं वाचा

दुपारी मटार सोलत बसले होते. सोबतीला फोनवर आकाशवाणीचं सांगली केंद्र. एके काळी पुण्यात हे केंद्र लावायचं म्हणजे ट्रान्झिस्टर उचलून गॅलरीच्या टोकाला न्यायचा, तो वाकडा धरायचा आणि शेवटी खरखरीलाच सांगली मानायचं. आता बोट लावलं की झालं. तरी १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा डोक्यात बसला आहे तो आहेच, बंद झालेल्या लँडलाइनच्या नंबरासारखा.

मुलाखत चालू होती. मिरजेचे एक तंतुवाद्य कारागीर आले होते. निवेदिकाबाईंनी विचारलं, "आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?"

"वळलो कुठं? घरातच हाय की हे."

मग बाईंनी २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा विषय काढला. त्यावर गृहस्थ "हां, चांगलं झालं" एवढंच बोलले आणि या वाद्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांवर घसरले. भोपळा कसा निवडायचा, कसा वाळवायचा, हे सांगताना त्यांना थांबवणं बाईंना जड गेलं असावं.

मला एक खोड आहे. रेडिओवरची मुलाखत ऐकताना मी कागदाची सळसळ शोधते. ती ऐकू आली की समजायचं, उत्तर घरून लिहून आणलंय. या माणसाकडे कागद नव्हता.

ही खोड आत्यामुळे लागली. मी सहावीत होते. सांगली केंद्राने तिला महिलांच्या कार्यक्रमात बोलवलं होतं. हे केंद्र १९६३ साली सुरू झालेलं, तेव्हा आत्या परकर-पोलक्यात असेल. पण आत बसून काही बोलायचं असतं, आणि तेही आपण, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पोस्टाने टाइप केलेलं करारपत्र आलं. विषय : 'उन्हाळ्यातील साठवणीचे पदार्थ'. आत्या आयुष्यात कधी 'साठवणीचे पदार्थ' म्हणाली नव्हती. ती त्याला उन्हाळकाम म्हणायची. खाली मानधनाची रक्कम, आणि करार भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने. झालं! राष्ट्रपतींनी थोरल्या सूनबाईंना लोणच्यावर बोलायला बोलावलंय, असं तिच्या सासऱ्यांनी पारावर सांगून टाकलं आणि तो कागद सातबाऱ्याच्या फाइलीत लावला.

तिने फुलस्केपवर सगळं लिहून काढलं. स्टुडिओत गेल्यावर साहेबांनी आधी कागदांची टाचणी काढून घेतली. पान उलटायचं नाही, अलगद उचलून बाजूला ठेवायचं. "आणि ताई, बोलल्यासारखं वाचा." हे वाक्य आत्याने पुढे वर्षभर घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं. आत एप्रिल महिन्यात थंडी, भिंतींना भोकंभोकं, जाडजूड दार. लाल दिवा लागला आणि समोरच्या बाई म्हणाल्या, "ताई, कुरडया पांढऱ्याशुभ्र होण्यासाठी आपण काय कराल?" आत्या म्हणायची, "काय सांगू गं, इतक्या वर्सांत मला कुणी पैल्यांदा 'आपण' म्हणालं."

प्रसारणाच्या दिवशी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून रेडिओपुढे ठेवला. सगळ्यांना दम दिला होता, शिंकायचंसुद्धा नाही. पिठाच्या गिरणीला कोण दम देणार? ती चालूच राहिली. आत्या काही पुढे येईना. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. दोन मिनिटांनी म्हणाली, "ह्यो आवाज काय माझा न्हाई." सासरे खेकसले, "गप, टेपात जाईल!" तेही टेपात गेलं. शेवटी निवेदिकेने वेळेअभावी इथेच थांबावं लागत असल्याचं सांगितलं, तेव्हा सांडग्यांची सगळी पानं राहिलीच होती. त्या उरलेल्या पानांचं दुःख आत्याला शेवटपर्यंत होतं.

हं, तर मिरज. बाईंनी विचारलं, "जवारी म्हणजे नेमकं काय, हे आपण आमच्या श्रोत्यांना सोप्या शब्दांत सांगाल का?"

गृहस्थ गप्प. रेडिओवर तीन-चार सेकंद शांतता म्हणजे फार. माझा हात फोनकडे गेला, नेट गेलं की काय. मग तार छेडल्याचा आवाज आला, बोथट, डब्यावर टिचकी मारल्यासारखा. पुन्हा शांतता. "आता दोरा सरकवतो," ते म्हणाले. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामधला तो सुताचा दोरा. पुन्हा तार छेडली, आणि आवाज असा काही उघडला की त्या छोट्याशा स्पीकरमधूनसुद्धा मटारच्या परातीभोवती गुंजत राहिला.

"ही," ते म्हणाले.

बाईही क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग अर्थातच वेळेअभावी.

आत्याची ती कॅसेट माझ्याकडे आहे. आतेभावाने पुढे तिच्यावर सिनेमाची गाणी भरली, पण दोन गाण्यांच्या मध्ये थोडी जागा सुटली होती. तिथे मागे गिरणी चालू असते आणि आत्या बोलल्यासारखं वाचते, "आणि मग फडक्यानं तोंड बांधून..." की पुढचं गाणं सुरू.

ती लावायला घरात टेपरेकॉर्डर नाही आता. बघायला पाहिजे कुणाकडे आहे का.