पहिला पाइंट आंबट निघाला

मुलगा इंग्लंडमध्ये शेफिल्डला नोकरीला आहे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं सहा आठवडे तिकडे होतो. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "बाबा, इथली बिअर प्यायलात का?" मी म्हटलं, बिअर ती बिअर, त्यात इथली-तिथली काय? माझं या विषयातलं सगळं शिक्षण नाशिकरोडच्या परमिट रूममध्ये झालेलं. तिथे धडा एकच होता: बाटली हाताला झिणझिण्या येतील इतकी गार हवी. चवीची चौकशी कुणी करत नसे. 'स्ट्राँग' की 'माइल्ड' एवढं सांगितलं की बाटली, खारे शेंगदाणे आणि अंधार हे तिन्ही टेबलावर यायचं.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि मी एकटाच गावात निघालो. एक जुना पब दिसला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात निम्मी चूक माझीच होती. आत जाऊन खिडकीजवळचं टेबल पकडलं आणि वेटरची वाट पाहत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काउंटरमागची मुलगी माझ्याकडे बघून एकदा हसलीसुद्धा, मी मान डोलावली, पण ती काही येईना. वीस मिनिटांनी उजेड पडला की इथे कुणीच येत नाही. आपण उठायचं, काउंटरवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतःच्या हाताने आणायचा.

काउंटरवर लांब लाकडी मुठींचे चार दांडे ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर एकेक रंगीत बिल्ला. मी सगळ्यात जवळच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. तिने दांडा ओढून ग्लास भरला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. दोन दिवसांचं ताक व्हावं तसा आंबटपणा, वर व्हिनेगरचा वास. मनात म्हटलं, ही यांची प्रसिद्ध बिअर! पैसे दिलेले, अन्न टाकू नये हे लहानपणापासूनचं. नाक दाबून पाइंट संपवला. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आपल्या मोठ्या बाटलीपेक्षा जरासाच कमी.

संध्याकाळी मुलाला सांगितलं तर तो हसून आडवा झाला. "अहो बाबा, ती खराब झालेली होती! परत द्यायची." अर्धा उष्टा ग्लास परत? आपल्याकडे मिसळीत केस निघाला तरी मालक आधी केसाच्या लांबीवर वाद घालेल. पण तिथे म्हणे सरळ सांगायचं की ही आंबली आहे असं वाटतं. काउंटरवरचा माणूस वास घेतो, चव बघतो आणि दुसरी देतो. पिंपातच बिघाड असेल तर दांड्यावरचा बिल्ला उलटा फिरवून ठेवतो, म्हणजे ती बंद.

मग त्याने मला समजावलं, आणि मला वाटतं गंमत इथूनच सुरू झाली. आपण पितो ती बाटलीतली बिअर गाळून, तापवून, वरून वायू भरून 'गप्प' केलेली असते. तिकडची दांड्याने ओढलेली पिंपातली बिअर, जिला रिअल एल म्हणतात, ती गप्प केलेली नसते. कारखान्यातून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं, आणि बिअर पबच्या तळघरात पोचल्यावरही मुरत राहते. बुडबुडे येतात ते त्या मुरण्यातून, बाहेरून वायू घालत नाहीत. म्हणूनच पिंप एकदा उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हवा लागून आंबतं. मी म्हटलं, "म्हणजे नीरेसारखं." सकाळची नीरा नीरा असते, उन्हं चढली की तिची ताडी. मुलाने नीरा कधी प्यायलेलीच नाही, त्यामुळे उपमा वाया गेली, पण माझ्यापुरता विषय सुटला होता.

साठ-सत्तरच्या दशकात तिकडेही ही जिवंत बिअर संपतच आली होती. मोठ्या कंपन्यांना टिकणारा, कुठेही सारखाच लागणारा माल सोयीचा होता. 1971 मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी वैतागून एक संघटना काढली. तीच आजची कॅमरा, म्हणजे 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. बिअरसाठी चळवळ! आपल्याकडे दारूबंदीसाठी मोर्चे निघतात, तिकडे दारू नीट मिळावी म्हणून. मला आधी हसू आलं, पण शेफिल्डमध्ये त्याचा परिणाम पाहिल्यावर हसू आवरतं घेतलं.

तो परिणाम पाहायला मुलगा आम्हाला गुरुवारी केलहॅम आयलंडला घेऊन गेला. पूर्वी हा सगळा पोलाद कारखान्यांचा भाग. तिथल्या संग्रहालयात 1905 सालचं बारा हजार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आहे, ते आधी पाहिलं. आमच्या हिला त्यापेक्षा आवडलं ते हे, की स्टेनलेस स्टीलचा शोध याच गावात 1913 मध्ये लागला. "म्हणजे माझ्या मांडणीवरच्या सगळ्या डब्यांचं हे माहेर," ती म्हणाली.

संग्रहालयापासून चार पावलांवर अल्मा स्ट्रीटवर 'फॅट कॅट' नावाचा विटांचा पब आहे. 1981 मध्ये डेव्ह विकेट नावाच्या, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने भागीदारीत ही जुनी जागा घेतली. तेव्हा बहुतेक पब एकेका कंपनीला बांधलेले असत, त्याच कंपनीचा माल विकायचा. विकेटने तसं न करता ठिकठिकाणची पिंपं आणून विकायला सुरुवात केली. 1990 मध्ये तर पबच्या आवारातच बिअरचा छोटा कारखाना काढला. त्यांची 'पेल रायडर' 2004 मध्ये अख्ख्या ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली. विकेट गेले, 2022 मध्ये तो कारखानाही बंद झाला, पण पब चालू आहे.

आत शिरताना मी तयारीत होतो. तरी काउंटरपाशी गोंधळ झालाच, कारण तिथे रांग नसते. सगळे आडवे उभे. मला वाटलं, आता आपल्या एसटीच्या दारासारखं घुसावं लागणार. मुलाने कोपर धरून थांबवलं. कोण कोणाच्या आधी आलं हे काउंटरवरचा माणूस लक्षात ठेवतो, आणि तो चुकला तर गिऱ्हाईकच सांगतं, "यांचा नंबर आधी." नोट हलवायची नाही, चुटकी तर मुळीच वाजवायची नाही. नजरेला नजर मिळाली की पुरे. माझ्याशी नजर मिळवली ती एका धिप्पाड, छातीपर्यंत दाढी असलेल्या माणसाने, आणि मला विचारलं, "येस, लव्ह?" मी मागे वळून पाहिलं, ही उभी आहे का म्हणून. ही नव्हती. ते 'लव्ह' मलाच होतं. तिकडे पुरुष पुरुषालाही असंच म्हणतात, आपल्या 'राव'सारखं.

मी मुलाने पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं: मी नवीन आहे, फिकट रंगाची, फार कडू नसलेली एखादी चव बघायला मिळेल का? त्याने काही न बोलता लहान ग्लासात दोन घोट काढून पुढे ठेवले, मग आणखी एकीचे. याचे पैसे नाहीत. दुसरी आवडली. पहिल्यांदाच जाणार असाल तर हाफच घ्या, म्हणजे अर्धा पाइंट. त्यात कमीपणा नाही, उलट दोन-तीन प्रकार चाखता येतात. मी मात्र हट्टाने पाइंट घेतला. आपले साडेचारशेच्या आसपास रुपये झाले.

त्याचं ओढणं बघण्यासारखं होतं. ग्लास नळीच्या तोंडाशी तिरपा धरलेला, दांडा सावकाश, शेवटपर्यंत, मग परत सोडायचा आणि पुन्हा. घाई अजिबात नाही. तो दांडा म्हणजे हातपंपच, खाली तळघरातल्या पिंपातून बिअर वर खेचणारा. ग्लासात आधी सगळं दुधाळ, ढवळून निघालेलं दिसतं. मग खालून सोनेरी रंग वर चढत जातो आणि वर दाट साईसारखा फेस उरतो. यॉर्कशायरमध्ये, म्हणजे शेफिल्डच्या त्या भागात, नळीच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावतात म्हणून एवढा फेस. लंडनकडच्या लोकांना तो आवडत नाही. दुधाच्या मापात फेस मोजणाऱ्या गवळ्याशी भांडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, तर उत्तर असं: फेस वीसातल्या एका हिश्शापेक्षा जास्त वाटला तर ग्लास भरून मागायचा. हसत देतात.

आणि चव? ती कोमट असते असं जो तो सांगतो, ते खोटं आहे. तळघर 11 ते 13 अंशांवर राखतात. माठातलं पाणी जसं गार लागतं तशी ही गार. जीभ बधिर होत नाही, म्हणून चव कळते. आधी पावाच्या कडेसारखी, मग संत्र्याच्या सालीसारखी, शेवटी बारीक कडवटपणा जो पुढचा घोट मागतो. माझी तीस वर्षांची बर्फगार बाटली मला त्या क्षणी जराशी फसवणूक वाटली.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच बसले होते. तरुणपणी कुठल्याशा पबचं तळघर सांभाळायचे. माझं कुतूहल बघून त्यांनी ग्लासाखालचा पुठ्ठा उलटा केला आणि त्यावर पिंपाचं चित्र काढलं. पिंप आडवं ठेवायचं. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे जादा वायू निघून जातो. मग एक-दोन दिवस हात लावायचा नाही, गाळ खाली बसू द्यायचा. रात्री पब बंद झाला की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची लावायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. एका पिंपात नऊ गॅलन, म्हणजे 72 पाइंट, पण गाळामुळे तेवढे कधी निघत नाहीत. "कारखाना फक्त अर्धी बिअर बनवतो," ते म्हणाले, "उरलेली तळघरवाला." माझी आई विरजण लावलेलं पातेलं कुणाला हलवू द्यायची नाही ते आठवलं.

गाळ लवकर बसावा म्हणून पिंपात काय घालतात, हेही त्यांनी सांगितलं. माशाच्या पोटातली हवेची पिशवी! आपल्याकडे पालघरचे कोळी घोळ माशाच्या ज्या पिशवीला भोत म्हणतात, ज्याला सोन्याचा भाव येतो, तसलीच. तिच्यापासून केलेला चिकट पदार्थ यीस्टला धरून खाली नेतो. ही संत्र्याचा रस पीत ऐकत होती. "अहो, आज गुरुवार!" एवढंच म्हणाली. मी गुरुवारी मच्छी खात नाही. आजोबांना भाषांतर करून सांगितलं तर ते म्हणाले, मासा तळाशी राहतो, तुझ्या ग्लासात येत नाही. हिला हा युक्तिवाद पटला नाही. हल्ली असं काही न घालता केलेली, जराशी गढूळ दिसणारी बिअरही मिळते. कडक शाकाहारी असाल तर काउंटरवर विचारा, ते सांगतात.

मधेच आजोबांचा फोन बिघडला. स्क्रीन आपोआप पळायला लागला. ते वैतागून म्हणाले, हा फोन 'डूलॅली' झालाय. मी म्हटलं, काय झालाय? डूलॅली, म्हणजे वेडा, सटकलेला. मुलगा गालात हसायला लागला, आणि मला एकदम उमगलं. देवळाली! ब्रिटिशांच्या काळात मायदेशी जाणारे गोरे सैनिक बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहायचे. काम नाही, उन्हाळा, कंटाळा. त्यात डोकं फिरलेल्याला 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मी आजोबांना सांगितलं, माझं घर देवळाली स्टेशनपासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. त्यांचा विश्वास बसेना. मग मुलाने नकाशा दाखवला. त्यांनी तो अख्ख्या काउंटरला दाखवला. दाढीवाल्याने मला वाकून नमस्कार केला.

आजोबांनी मला एक हाफ पाजला. तिकडे याचा अर्थ असा की पुढचा आपण द्यायचा. उधारी लिहून ठेवत नाहीत, पण सगळ्यांच्या लक्षात असते. हिने मात्र घड्याळ दाखवलं, घरी भाताचा कुकर राहिला होता, आणि आम्ही उठलो. आजोबांचा हाफ माझ्या अंगावर तसाच राहिला.

तीन दिवसांनी मी एकटाच परत गेलो. बसलो नाही, सरळ काउंटरवर जाऊन उभा राहिलो, नजर मिळाल्यावर बोललो. आजोबा नव्हते. मी त्यांच्यासाठी एका हाफचे पैसे दिले. येतील तेव्हा त्यांना द्या म्हटलं. असं चालतं तिकडे. दाढीवाल्याने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायला पेन काढलं आणि विचारलं, "कोणाकडून म्हणून सांगू, लव्ह?"

म्हटलं, लिहा, देवळालीवाल्याकडून.